बाहेर उघडणारं दार

बेटावरून,
९ सप्टेंबर १९८६

ती. वन्संना येर्काचा सा. न. वि. वि. मी आठही अंगांनी नमस्कार करते. तुमचं एक अंग रियेकाच्या मासळीबाजारात मोडलं आहे, तेव्हा आशीर्वाद उरलेल्या सातांनी दिलात तरी चालेल.

नर्सबाईंच्या हातचं तुमचं कार्ड शुक्रवारच्या बोटीनं आलं. खुब्यात खिळा बसवला, ताप नाही, आणि चौथ्या मजल्यावरच्या तुमच्या खोलीत आता परत जाता येणार नाही, एवढंच त्यात होतं. मग कुठे जाणार ते लिहिलेलं नव्हतं. म्हणून मीच लिहिते. वन्सं, घरी या. निम्मं घर तुमचंच आहे, मामंजींनी कागदावर तसं लिहून ठेवलं आहे. तुमच्या धाकट्या आंद्रोला जाऊन येत्या ऑक्टोबरात तीन वर्षं होतील. तेव्हापासून मी चारांतल्या दोनच खोल्या वापरते. उरलेल्या दोन माझ्याशी पाहुण्यांसारख्या वागायला लागल्या आहेत. दार उघडलं की जरा बिचकतात.

पण आधी न्हाणीघर. आहे ते तुम्हाला चालायचं नाही. टबाचा काठ गुडघ्याच्या वर, फरशी साबणासारखी, धरायला काही नाही आणि भिंतीला बारा महिने ओल. चार इयत्ता शिकलेल्या बाईला पुस्तकांशिवाय कोण शिकवणार? सहकारी संस्थेच्या वाचनालयातून जुन्या मासिकांचा एक बांधीव गठ्ठा आणला आहे. त्यात घर दुरुस्त करताना लोक काय काय चुका करतात त्याचं सदर आहे. पहिलीच चूक अशी की माणसं आधी फोडतात आणि मग विचार करतात.

म्हणून मी आधी विचार केला. अंगणातल्या दगडांवर खडूनं अख्खं न्हाणीघर काढलं, खऱ्या मापाचं. स्टूल म्हणजे बेसिन, मासे खारवायचं रिकामं पिंप म्हणजे संडास. केरसुणीचा दांडा तुमची काठी समजून हातात धरला आणि लंगडत आत गेले. वळले, बसले, उठले. बसल्यावर गुडघे बेसिनला लागत होते. पुसलं आणि बेसिन वीतभर सरकवलं. शेजारच्या दिन्कानं भिंतीवरून डोकावून विचारलं की नेमकं काय बिघडलंय, घर का डोकं? मी म्हटलं, दोन्हींची दुरुस्ती एकदमच काढली आहे.

दिवस मावळताना त्या खडूच्या भिंतींमध्ये बसून राहिले. खाली आपलं टाकं. उन्हाळ्यानं पाणी खोल गेलंय, म्हणून अंगणात पाऊल वाजलं की खालून कुणीतरी हळूच ओ देतं. वर छप्पर नाही, भिंतींना उंची नाही, पाकोळ्या न्हाणीघरातून आरपार जात होत्या. अशा खोलीत तुम्ही आंघोळ करताय असं मला दिसलं. पाणी तुमच्या खांद्यांवरून खाली टाक्यात जात होतं आणि तुम्ही तरुण होता.

प्रोश्पेर मिस्त्री तयार आहे. ऑलिव्ह तोडायच्या आत आटपायचं म्हणतो. एकदा तोडणी लागली की बेटावर गवंडी म्हणून कुणी उरत नाही.

लोभ आहेच. तो बरोबर घेऊन बोटीत बसावं, एवढीच विनंती.

आपली,
येर्का

रियेका,
२० सप्टेंबर १९८६

येर्का हिस विन्काचे अ. आ. झोपूनच देते आहे. आडवे पोचले तर उभे करून घे.

तुझं पत्र नर्सनं तीन खाटांना वाचून दाखवलं. केरसुणी घेऊन लंगडलीस तिथे शेजारची बाई इतकी हसली की तिचा टाका ओढला गेला. तुला माझं लंगडणं एवढं छान जमत असेल तर मी येऊन काय वेगळं करणार?

एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल जाई. मी तर मरेपर्यंतची पाहुणी. एकोणिसाव्या वर्षी घर सोडलं, एकोणपन्नास वर्षं कागदाच्या गिरणीच्या भोंग्यावर उठले आणि झोपले, नवऱ्याची कटकट नाही की सासूची नाही. आता अडुसष्टाव्या वर्षी तुझ्या हाताखाली येऊन चहा कधी मिळेल म्हणून विचारू? इथे समाजकल्याणाच्या बाईंनी टेकडीवरच्या वृद्धाश्रमाचा फॉर्म दिला आहे. तो उशीखाली आहे. खोलीतून खाडी दिसते म्हणतात. बघू.

मात्र न्हाणीघर करतेच आहेस तर नीट कर. माझ्या वेळी ती कोठीची खोली होती. बाबांनी तिचं न्हाणीघर केलं ते अठ्ठावन्न साली, मी गेल्यावर वीस वर्षांनी. माझ्या डोळ्यांसमोर अजून कोठीच आहे. तेलाचे रांजण, छताला टांगलेली डुकराची धुरावलेली मांडी, अंजिरांच्या थरांत घातलेली तमालपत्रं. खिडकी हातभर. दुपारी तिच्यातून उन्हाचा एक तुकडा आत यायचा आणि रांजणावरून रांजणावर सरकत जायचा. मी त्याच्याकडे बघत बसायचे. हल्ली खिळ्याच्या दुखण्यावरच्या गोळीनं झोप लागते तेव्हा तो तुकडाच दिसतो. जागी झाले की समोर पांढरी भिंत.

म्हणून एक सांगते. पांढऱ्या टाइल्स लावू नकोस. आपल्या दुकानांत दुसऱ्या मिळतच नाहीत हे मला ठाऊक आहे. माझ्या जिन्याखालच्या बाईचा पोरगा दर शनिवारी सीमेपलीकडे त्रिएस्तेला जीन्स आणायला जातो. यावेळी जीन्सऐवजी टाइल्स आणायला सांगितल्या आहेत. हिरव्या, आपल्या खाडीत ऊन तळाला पोचतं तशा. मी आले न आले तरी टाइल्स घराच्या.

मी येणार असं समजून काही करू नकोस. पण करशील ते चांगलं कर.

लोभ मागून वाढत नाही. आहे तेवढ्यात भागवावं.

विन्का

बेटावरून,
६ ऑक्टोबर १९८६

ती. वन्संना येर्काचा सा. न. वि. वि. आणि या खेपेला विशेष बरंच आहे.

टाइल्स पोचल्या. बारा खोकी. एक खोकं बोटीवर कुणाच्या तरी बकरीनं लाथाडलं, तरी अकरा पुरतील. अंगणात मांडून त्यांच्यावर पाणी शिंपडलं. वन्सं, मी घटकाभर तिथून हललेच नाही. दिन्का आली, तीही गप्प उभी राहिली. दिन्का गप्प राहिली हे तुम्हाला खरं वाटायचं नाही.

पण त्या गुळगुळीत आहेत. ओल्या टाइलवर अनवाणी टाच टेकवून पाहिली, लोण्यासारखी सरकली. मासिकात ही पाचवी चूक आहे, डोळ्याला आवडलेलं पायाखाली घालणं. म्हणून तुमची खाडी भिंतींवर चढवणार, छतापर्यंत. खाली सहकारी दुकानातली करडी खरखरीत फरशी. माशाच्या पोटासारखी नाही दिसणार, पाठीसारखी दिसेल. रागावू नका.

जुन्या टाइल्स काढल्या तेव्हा मागचा गिलावा हातात पिठासारखा आला. पाणी अडवायला मागे काही घातलंच नव्हतं, अठ्ठावीस वर्षं भिंत पाणी पीत होती. प्रोश्पेर म्हणाला की त्या काळी असंच करायचे. मी म्हटलं, त्या काळी तूच केलं होतंस. त्यावर त्याला एकाएकी सिमेंट कालवायचं आठवलं. आता आधी डांबराचा लेप, मग जाळी, मग गिलावा. सांडपाण्याचा खड्डाही त्याला अंगणाशेजारीच खणायचा होता, पाइप कमी लागतो म्हणून. टाक्याच्या भिंतीपासून आठ पावलांवर! प्यायचं पाणी आणि धुवणाचं पाणी यांची अशी सोयरीक नको, म्हणून त्याला खालच्या बांधापलीकडे पिटाळलं.

गिलाव्याच्या मागे तुमची कोठी निघाली. दगडांवर रांजणांचे तेलकट गोल डाग, छताला मांडीचा आकडा. दोन दिवस खोलीला अंजिरांचा वास येत होता. प्रोश्पेरनं जेवणाची भाकरी तिथेच बसून खाल्ली. म्हणाला, नुसती भाकरी होती पण मांडीबरोबर खाल्ल्यासारखी लागली. हातभर खिडकी तुम्ही म्हणता तशीच आहे. न्हाणीघर करताना तिला काच घालून बंद करून टाकलं होतं, म्हणून ओल बाहेर जात नव्हती. आता ती उघडणारी करतो आहोत. गजही काढून टाकायला सांगितले आहेत.

आणखी एक. दाराची चौकट फिरवायला सांगितली आहे. यापुढे ते दार बाहेर, पॅसेजमध्ये उघडेल. मासिकात ही नववी चूक आहे.

लोभात खाडाखोड होऊ नये.

आपली,
येर्का

रियेका,
१५ ऑक्टोबर १९८६

येर्का हिस विन्काचे अ. आ.

काल पहिल्यांदा दहा पावलं चालले. अकराव्याला नर्सला शिवी दिली, ती म्हणाली की आता तुम्ही नक्की बऱ्या होणार. खरखरीत फरशीचं मान्य. खड्ड्याचं मान्य, त्यात तुझी अक्कल दिसली. आकडा काढू नकोस, टॉवेल टांग.

पण दार बाहेर उघडणार? तुला ठाऊक नसेल म्हणून सांगते. आजी गेली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. तेव्हा आपली सगळी दारं पॅसेजमध्ये उघडायची. शवपेटी नेताना वाऱ्यानं कोठीचं दार उघडलं, पुढच्या माणसाची बोटं चेमटली आणि पेटीचं एक टोक जमिनीवर आदळलं. तो आवाज बाबा कधी विसरले नाहीत. इस्टरच्या आधीच्या उपासांत त्यांनी स्वतः एकेक दार उतरवलं, फिरवलं आणि आत उघडणारं केलं. माणसाच्या शेवटच्या वाटेत दार येता कामा नये, असं म्हणाले. आपल्या घराला नियम असे दोनच. टाक्यावर थुंकायचं नाही आणि पॅसेजमध्ये दार उघडायचं नाही.

शिवाय मी काठी टेकत त्या पॅसेजमधून येणार, आणि तू आतून धाडकन दार उघडणार. मग दुसरा खुबा. प्रोश्पेरलाही हे पटत नसणार, त्यानं बाबांच्या हाताखाली काम केलंय.

निम्मं घर माझं आहे. मी आजवर कधी बोलून दाखवलं नाही, आज दाखवते. माझ्या निम्म्यातलं दार आत उघडेल.

लोभाचं पुढच्या पत्रात.

विन्का

बेटावरून,
२ नोव्हेंबर १९८६

ती. वन्संना येर्काचा सा. न. वि. वि.

आज मृतांचा दिवस. सकाळीच स्मशानात गेले. शेवंती दिन्काच्या परसातली, निम्मी तुमच्या नावानं ठेवली. मामंजींच्या दगडावरचं शेवाळ घासलं. आंद्रोच्या दगडावर सरडा ऊन खात होता, त्याला उठवलं नाही.

प्रोश्पेर ऑलिव्हला गेला, ठरल्यापेक्षा आधीच. सगळं बेट झाडांवर चढलंय. रस्त्यात माणूस दिसत नाही, नुसती झाडांतून बोलणी ऐकू येतात. जाण्याआधी त्यानं फरशी बसवली होती. पाणसळ ठेवून दाखवली, म्हणाला, बघ, उतार चोख आहे. मी बादलीभर पाणी ओतलं. पाणी थोडं विचारात पडलं आणि जाळीकडे जायचं सोडून कोपऱ्यात जाऊन बसलं. प्रोश्पेर पाणसळीकडे बघत होता, मी पाण्याकडे. शेवटी त्यानं टोपी काढली आणि तीन रांगा उखडल्या. आता ओतलेलं पाणी एकाच ओळीनं जाळीत जातं, शाळेतल्या पोरांसारखं.

भिंती पूर्ण झाल्या. तुमची खाडी छताला टेकली आहे. दुपारी दोनच्या सुमाराला खिडकीतून ऊन येतं, टाइलवर पडतं, आणि तिथून पाण्यासारखं हलत छतावर जातं. बाहेर लिंबाची फांदी हलते म्हणून ते हलतं, हे मला कळतं. तरी मी रोज दोन वाजता स्टूल घेऊन आत बसते. काल पुस्तक नेलं होतं, एक ओळही वाचली नाही. समुद्राच्या तळाशी कुणी एक खोली बांधली आणि तिच्यात मला ठेवून विसरून गेलं असं वाटत होतं. त्याचं वाईटही वाटलं नाही. धरायला दोन मुठी बसवल्या आहेत, एक संडासाशेजारी आणि एक शॉवरखाली. टाइलमध्ये नाही, आत दगडात. मी सगळं वजन टाकून लोंबकळले. दिन्का म्हणाली की येर्का एकसष्टाव्या वर्षी झोके घेते.

दाराचं तुमचं म्हणणं वाचलं. पॅसेजमध्ये तुम्हाला लागणार नाही अशी सोय करते. पान अरुंद करीन, उघडल्यावर भिंतीला चिकटून राहील असा आकडा लावीन. बाकी सगळं तुमच्या मनासारखं. एवढं एक माझ्यावर सोडा. मासिकात अगदी स्पष्ट लिहिलेलं आहे.

लोभ राखून ठेवला असेल तर तो या पत्रावर खर्च करावा.

आपली,
येर्का

रियेका,
११ नोव्हेंबर १९८६

येर्का हिस आशीर्वाद.

मासिकात अगदी स्पष्ट लिहिलेलं आहे! फरशीबद्दल लिहितेस तेव्हा टाच टेकवून पाहतेस, उताराबद्दल लिहितेस तेव्हा बादली ओततेस, मुठीला स्वतः लोंबकळतेस. आणि दाराबद्दल मात्र मासिक. तुला खोटं बोलता येत नाही. तसा तुझ्यात तेवढा एकच गुण आहे असं मी आईला लग्नाच्या दिवशी म्हटलं होतं.

आंद्रोच्या अंत्यविधीला आले तेव्हा न्हाणीघराला दार नव्हतं. घोंगडी लटकत होती. मी विचारलं तर म्हणालीस की दक्षिणेच्या दमट वाऱ्यानं दार फुगलं, सुताराकडे दिलंय. तीन वर्षं झाली. कुठला सुतार एवढा वेळ घेतो? आंद्रो झोपेत गेला, पलंगावर, असं तू म्हणालीस. मी ते घेऊन बोटीत बसले आणि रियेकापर्यंत सांभाळून आणलं.

वृद्धाश्रमात एक जागा रिकामी झाली आहे. पहिल्या डिसेंबरपर्यंत माझ्यासाठी ठेवतील. फॉर्म भरला आहे, सही बाकी आहे. तुला ते दार का फिरवायचं आहे ते मला लिही. नाही लिहिलंस तर सही करते. मग दार छतात उघडलं तरी माझं काही म्हणणं नाही.

विन्का

बेटावरून,
१८ नोव्हेंबर १९८६

ती. वन्संना येर्काचा नमस्कार. यापुढे विनंती काही नाही, जे आहे ते विशेषच आहे.

तो पलंगावर गेला नाही. रविवार होता, सकाळची प्रार्थना चालू होती. सगळं गाव चर्चमध्ये, मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. तो दाढी करायला आत गेला होता. पडल्याचा आवाज आला. मी दार ढकललं तर तीन बोटं उघडलं आणि अडलं. तो टब आणि दार यांच्यामध्ये पडला होता, दाराला पाठ लावून. तुम्हाला ठाऊक आहे तो किती धिप्पाड होता.

मी ढकललं की दार त्याच्या पाठीला लागायचं आणि तो कण्हायचा. म्हणून मी ढकलायचं थांबवलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मी जोर लावला असता, त्याला दुखलं असतं तरी लावला असता, तर कदाचित आत शिरता आलं असतं. मला ते जमलं नाही. खिडकीला गज. बिजागऱ्या आतल्या बाजूला. मी रस्त्यावर जाऊन ओरडले. प्रोश्पेर चर्चला जात नाही, म्हणून तोच तेवढा सापडला. त्याचा पाय दुखत होता, तो घरून कुऱ्हाड घेऊन येईपर्यंत मी पॅसेजच्या फरशीवर झोपले आणि दाराखालच्या फटीतून बोटं आत घातली. आंद्रोचे केस लागले. साबणानं ओले होते.

त्यानं तुमचं नाव घेतलं, वन्सं. विन्का, आणखी एक दे, असं म्हणाला. मी विचारलं, काय देऊ? तो म्हणाला की लवकर दे, बाबा येतील. असं दोनतीनदा म्हणाला. मी त्याला सांगितलं की मी येर्का आहे. त्याला ते ऐकू गेलं नाही किंवा पटलं नाही. मग मीही सांगायचं सोडलं. हो म्हटलं, देते. त्यानंतर तो शांत होता, आणि शांत होता म्हणजे काय ते मला जरा वेळानं कळलं. प्रोश्पेरनं दाराची वरची फळी फोडली तोवर चाळीस मिनिटं झाली होती. डॉक्टरांना मी विचारलं की लवकर आत गेलो असतो तर? त्यांनी हात धुतले, पुसले आणि म्हणाले की सांगता येत नाही.

आम्ही दोघांनी त्याला पलंगावर नेऊन ठेवलं, अंगावर कोरडा सदरा घातला. प्रोश्पेरला मी शपथ घातली. दुसऱ्या दिवशी तुम्ही बोटीतून उतरलात आणि पहिलंच विचारलंत की त्याला त्रास झाला का. मी म्हणाले, झोपेत गेला. तेव्हा मला वाटलं होतं की हे तुमच्यासाठी. पण तीन वर्षं रोज त्या घोंगडीतून आत-बाहेर करताना दुसरंही एक कळलं. आमचा छत्तीस वर्षांचा संसार. शेवटी बोटं माझी होती आणि नाव तुमचं. ते नाव मला तुमच्या हवाली करायचं नव्हतं. आज करते.

मामंजींचा नियम मी मोडते आहे. मेलेल्या माणसाची वाट त्यांनी मोकळी केली. मी तुमच्यासाठी न्हाणीघर बांधते आहे ते तुम्ही जिवंत असताना वापरायला. आत तुम्ही पडलात तर मला दार माझ्याकडे ओढता आलं पाहिजे.

आता तुम्ही सही केलीत तरी मला बोलायला जागा नाही. लोभ मागायलाही नाही.

येर्का

रियेका,
२ डिसेंबर १९८६

येर्का हिस.

आशीर्वाद द्यायचे की नाहीत हे दहा दिवस ठरत नव्हतं. शेवटी लिहायला बसले तर हात सवयीनं द्यायला लागला. तेव्हा अ. आ.

मला तुझा राग आला आहे. गेला असं समजू नकोस. तीन वर्षं मी त्याला त्या पलंगावर झोपवलंय. रोज चादर नीट करते. आता त्याला तिथून उठवून त्या ओल्या फरशीवर न्यायचं, हे काम मला या वयात तू लावलंस. मनातल्या मनात त्याला नेताना पहिल्यांदा मी मध्येच परत फिरले. नंतर नर्सला सांगितलं की आज गोळी नको.

तू लिहिलंस ते आठ-दहा वेळा वाचलं. ते नाव आता माझ्याकडे आलं आहे, आणि ते काय होतं हे मलाच ठाऊक आहे, म्हणून सांगते. मी उद्धट होते. बाबा मला कोठीत कोंडायचे, दुपार दुपार. आंद्रो बाहेर दाराशी बसून रडायचा, चार वर्षांचा होता. त्याचं रडणं ऐकून बाबा आणखी चिडायचे. म्हणून मी आतून फटीखालून अंजीर सरकवायचे. पहिलं अंजीर खाल्लं की रडणं थांबायचं. मग छोटी बोटं आत यायची आणि आणखी एक दे म्हणायची. मला शिक्षा झाली की त्याची चंगळ. तो मोठा झाल्यावर आम्ही यावर कधी बोललो नाही. मला वाटायचं तो विसरला असेल.

तू हो म्हणालीस, देते म्हणालीस. मीही तेच म्हणाले असते. मी तिथे नव्हते, माझं काम तू केलंस. तुला वाटलं त्यानं तुला ओळखलं नाही. वेडे, दाराखालून आलेली बोटं आपल्याच माणसाची असतात एवढं त्याला कळत होतं.

ढकलायचं थांबवलंस त्याबद्दल काही लिहीत नाही. त्याला दुखू नये म्हणून थांबवलंस. यावर डॉक्टरला जे सांगता आलं नाही ते मी काय सांगू?

काल पहिली तारीख होती. समाजकल्याणाच्या बाई दुपारी आल्या, थांबल्या, मग फॉर्म सहीशिवायच घेऊन गेल्या. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी येते आहे. पत्रातून भांडण पुरत नाही. उत्तर यायला आठवडा लागतो आणि तोवर राग निवतो. सोळा तारखेच्या बोटीनं निघते. धक्क्यावर प्रोश्पेरला पाठव, तू येऊ नकोस. तुला तिथे बघून मला रडायला येईल आणि सगळी बोट बघेल.

आणि दार. ते बाहेर उघडू दे. बिजागऱ्या डाव्या हाताला लाव, माझी काठी उजव्यात असते. आतून कडी लावू नकोस. आत कोण आहे हे या घरात आता आपल्याला दोघींनाच विचारायचं आहे.

लोभ बोटीतून आणते. सामान थोडंच आहे, त्यात मावेल.

विन्का